हनुवटीवरचे तीन ठिपके

माय,

तुला वाचता येत नव्हतं. हे पत्र तुझ्या हाती पडलं असतं तरी तू ते उलटंसुलटं करून बघितलं असतंस आणि माझ्याकडेच परत देऊन म्हणाली असतीस, "तूच वाच, आन् मोठ्यानं वाच." तेव्हा तुझ्यापुढे बसून जे बोलले असते तेच इथे लिहिते. तुला जाऊन चौदा-पंधरा वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा तुझ्यावरून माझं आणि तुझ्या धाकट्या लेकाचं कडाक्याचं भांडण झालं. तू असतीस तर दोघांनाही चुलीतलं लाकूड दाखवलं असतंस. पण तू असतीस तर भांडण कशाला झालं असतं म्हणा.

आज ताडकळसचा बाजार. बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. पासपोर्ट फोटो, वाढदिवसाचे फ्लेक्स, लग्नपत्रिका, बायोडाटा, सगळ्यांना सगळं एकदम पाहिजे असतं. त्या गर्दीत तुझा धाकटा आला. पुण्याहून रेल्वेनं पूर्णेला, तिथून बसनं. केस पिकलेत त्याचे, पण काळे करतो. त्याच्या पोराचं, म्हणजे तुझ्या नातवाचं, लग्न तोंडावर आलंय. गंगाखेडला कार्यालय घेतलंय आणि नवरी पुण्याची आहे. आल्या आल्या, चहालाही न थांबता, त्यानं माझ्या कॉम्प्युटरवर काहीतरी उघडलं आणि म्हणाला, "अक्का, बघ. फक्त बघ." पडद्यावर तू होतीस. माझ्या भिंतीवरच्या तुझ्या फोटोचा त्यानं मागच्या दिवाळीत मोबाइलवर फोटो काढून नेला होता. त्यावरूनच कुठल्याशा ॲपनं तुला जिवंत केलं होतं. पापण्या लवत होत्या. अंगावर जांभळी पैठणी, नाकात नथ, रंग गोरापान. तू हसलीस, दात कसे एका ओळीत, आणि म्हणालीस, "माझ्या लाडक्या नातवा, तुझ्या वैवाहिक आयुष्यासाठी तुला मनःपूर्वक शुभेच्छा." कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर, अक्षता पडायच्या आधी, हे दाखवायचं असं त्यानं ठरवलं होतं.

मला आधी हसूच आलं. शुभेच्छा हा शब्द तू जन्मात कधी तोंडात घेतला नव्हतास. तुझा आशीर्वाद म्हणजे, "जा, नीट ऱ्हा, आन् बायकूला छळू नगंस." धाकट्याच्या लग्नात तू त्याला भर मांडवात हेच म्हणाली होतीस आणि भटजीसुद्धा थांबला होता. मग माझी नजर हनुवटीवर गेली. तिथे काही नव्हतं. तीन ठिपके गेले होते. कपाळावरची बारीक चंद्रकोरही गेली होती. नुसती गुळगुळीत कातडी.

"ठिपके कुठं गेले?" मी विचारलं.

"कुठले ठिपके?"

"मायचं गोंदण."

त्यानं वाकून पडद्याकडे बघितलं. खोटं कशाला बोलू, त्याच्या खरंच लक्षात आलं नव्हतं. "मी नाही काढले अक्का. ते आपोआप साफ करतं," तो म्हणाला. साफ हा शब्द कानावर पडला आणि मी मनानं दुकानातून उठून थेट पूर्णेच्या त्या जुन्या फोटो स्टुडिओत जाऊन उभी राहिले.

मी नुकतीच दहावी झालेय. तुझी आई, माझी आजी, गंगाखेडच्या पलीकडे डोंगरात अंथरुणाला खिळलीय. इकडे मेंढ्या व्यायला लागल्यात, त्यामुळे तुला हलता येत नाही. आजीनं निरोप धाडलाय की लेकीचं तोंड तेवढं दाखवा. म्हणून तू आयुष्यात पहिल्यांदा फोटो काढायला निघालीस. ठेवणीतलं लुगडं, तोंडाला तेल, आणि स्टुलावर बसताना असं ताठ बसलीस की फोटोमास्तर म्हणाला, "बाई, श्वास घ्या." आठवड्यानं आपण फोटो आणायला गेलो. मास्तर माणूस चांगला, हाताचा कसबी. त्यानं आपल्यासाठी म्हणून जास्तीची मेहनत घेतली होती. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवली की कागदावर डाग उमटत नाहीत, ही त्या काळची विद्या होती. फोटो त्यानं मोठ्या हौसेनं तुझ्यापुढे धरला. तू तो हातात घेतलास, उजेडाकडे नेलास, मला दाखवलास.

"ही कोण?"

"तुमीच हाव की बाई," मास्तर म्हणाला. "जराशी सफाई केली. तोंडावरचे डाग काढले."

"घाण लागली व्हती का माझ्या तोंडाला?"

तू आवाज चढवला नव्हतास, हे मला आजही नवल वाटतं, कारण एरवी तुझा आवाज शिवेपलीकडे जायचा. तू सांगू लागलीस, "मी एवढीशी व्हते. जत्रंत माझ्या मायनं माझं मुंडकं मांडीत दाबून धरलं आन् हे तीन ठिपके गोंदून घेतले. मी लय बोंबलले. आता तिला धड दिसत न्हाई. बाकी काय दिसंल न दिसंल, ह्या ठिपक्यावरून ती मला वळखंल. तुमी ही शकल धाडली तर म्हनंल, ही कुठली मडमीण धाडली." मास्तरनं गुमान निगेटिव्ह घेतली, पेन्सिल पुसली आणि दुसरा फोटो छापून दिला. तो आजीकडे गेला; माझ्या भिंतीवरचाही त्याच निगेटिव्हवरचा. मामा सांगायचा की ती तो उशाशी ठेवायची आणि कागदावर हनुवटीच्या जागी बोट फिरवत पडून राहायची.

पण तू त्या दिवशी तेवढ्यावर कुठे थांबलीस. निघता निघता मला पुढे ढकललंस. "ही पोरगी धावी झाली. हिला शिकवा हे काम."

"पोरींचं काम न्हाई हे. अंधाऱ्या खोलीत ऱ्हावं लागतं."

"मेंढरं राखती ती. अंधाराचं काय भ्या तिला? आन् फोटू काढायला बाया येत्यात का न्हाई? मंग काढनारी बी एक बाई असंना. कुनाचं तोंड पुसायच्या आदी इचारंल तरी."

अशी माझी भाकरी लागली. माझ्या पहिल्या दिवशी तू तुझ्या हातच्या लोकरीची काळी घोंगडी घडी करून माझ्या काखेत दिलीस. मागं पडदा म्हणून लाव, म्हणालीस, काळ्यापुढं माणूस उठून दिसतं. मास्तर हसला होता, पण तुझंच खरं निघालं. ती घोंगडी आजही माझ्या दुकानात स्टुलामागे टांगलेली आहे. दोन ठिकाणी कसर लागलीय, मी रफू केलंय. पोरं म्हणतात, मावशी, मागं निळा पडदा लावा, डोंगर लावा, विमान लावा. मी म्हणते, विमानात बसशील तेव्हा विमान लावीन.

त्या फोटोच्या दिवशी संध्याकाळी तू भाकरी थापत होतीस. मी चुलीसमोर बसून म्हटलं, माय, तीन ठिपक्यांचं एवढं काय. तू पिठाच्या हातानं हनुवटी विस्तवाच्या उजेडात पुढे केलीस. म्हणालीस, "मानूस गेल्यावर अंगावरलं सोनं काढून घेत्यात. लुगडं सुदिक बदलत्यात. हे तेवढं कुनाला काढता येत न्हाई." मग तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "त्या मास्तरानं तर जित्तेपनीच काढलं की गं." आणि तू अशी हसत सुटलीस की भाकरी करपली. हनुवटीला पीठ लागलं होतं आणि त्यातूनही ते तीन निळे ठिपके दिसत होते. मला आई म्हटलं की ते दिसतं.

आता तो मास्तर राहिला नाही आणि पेन्सिलही राहिली नाही. आता मोबाइल तोंडासमोर धरला की पेन्सिल आपणहूनच फिरते, कुणी सांगावं लागत नाही. तुला एक गंमत सांगते, गंमत म्हणायची का नाही ते तू ठरव. मागच्या साली शेजारच्या गावची एक पोरगी बायोडाटा करायला आली. फोटो तिचा तिनंच मोबाइलवर काढलेला, डोळे बाहुलीसारखे, नाक सुरीसारखं, रंग दुधासारखा. मी म्हटलं, बस, मी काढते. म्हणाली, नको मावशी, ह्यात मी चांगली दिसते. पाहुणे आले. ती पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली आणि मुलाची आत्या तिला म्हणाली, "बाई, बशा ठेव आन् नवरीला धाड." दुसऱ्या दिवशी ती पोरगी येऊन तुझ्या घोंगडीसमोर बसली. रडली नाही, नुसती बसली. मग म्हणाली, "मावशी, मी हाय तशी काढा." मी काढला. तुझ्यासारखीच ताठ बसली होती. लग्न जमलं का, असं तू विचारशीलच. नाही अजून. पण ती परभणीला नर्सिंग शिकायला गेलीय आणि तिथल्या ओळखपत्रावर तोच फोटो आहे. त्यानंतर मी दुकानाच्या दारावर पाटी लावली की इथे चेहरा बदलून मिळणार नाही. त्यापायी काही गिऱ्हाइकं पूर्णेला जातात. जाऊ देत.

यावरून मी मोबाइलवर जळते असं समजू नकोस. माझं पोट त्याच मशिनींवर आहे. दिवाळी झाली की अजूनही अर्धं गाव ऊस तोडायला जातं, लेकरं म्हाताऱ्यांकडे राहतात. एक म्हातारी संध्याकाळी नातवाला घेऊन माझ्याकडे येते, मी तिला व्हिडिओ कॉल लावून देते. ती पोराचं तोंड उघडून मोबाइलपुढे धरते, "बघ, दात पडला तुझ्या लेकाचा," आणि तिकडे फडावर त्याची आई हातातला कोयता खाली ठेवून बघत राहते. तुझ्या काळात हे असतं तर तू काय केलं असतंस ते मला पक्कं ठाऊक आहे. तू घरी बसून फोनवरून मेंढरांना हाक मारली असतीस. तुझी ती हाक. आधी जिभेनं डिर्र्र वाजवायचीस आणि मग लांबच्या लांब याऽऽऽ. मेंढरांना आणि आम्हाला एकच हाक होती. आम्हाला नावानं बोलावायला तुला वेळ कुठे होता. धाकटा चिंचेवर असो की ओढ्यात, त्या हाकेला मेंढरांच्या आधी पोचायचा.

तर, भांडण. तो म्हणाला, "ठीक आहे, ठिपके टाक तू परत. तुला येतं ते. पण बाकी राहू दे. पाहुणे पुण्याचे आहेत अक्का, सगळे शिकलेले. माय जरा नीट दिसायला पाहिजे."

"नीट म्हंजी? आपली माय वाकडी दिसत व्हती का?"

"तसं नाही गं."

"तसंच हाय. ठिपके टाकून काय व्हतंय? आत बाई दुसरीच हाय. मी हे करनार न्हाई. आन् माझ्याकडच्या फोटूवर दुसऱ्या कुनाला बी करू देनार न्हाई."

दुकानातली गिऱ्हाइकं माना वळवून आमच्याकडे बघायला लागली. फ्लेक्सचं मशीन करकरतच होतं. माझा आवाज तुझ्यासारखाच शिवेपलीकडे गेला असणार. धाकट्याचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हा उठून जातो आणि लग्नाआधीच आमचं बोलणं तुटतं. पण तो उठला नाही. खाली बघत म्हणाला, "तुला बोलायला काय जातंय. तू तिच्याजवळ होतीस. मी पुण्यात होतो, आणि ती गेली तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. चेहरा फोटोत बघतो मी. आवाज कुठे बघू? मला मायचा आवाज आठवत नाही अक्का. कितीही आठवला तरी येत नाही. ह्या बाईनं निदान नातवा म्हटलं."

माय, मला वाटत होतं त्याला तुझी लाज वाटते. तीही थोडी असेल, ते मी माफ केलेलं नाही. पण त्याच्याकडे तुझा आवाजच नव्हता, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी गिऱ्हाइकांना म्हटलं, जरा चहा पिऊन या. तू जायच्या आदल्या वर्षी मी पहिला कॅमेऱ्याचा मोबाइल घेतला होता, आठवतं? ओढ्याकाठी तुझ्यामागं येऊन उगाच काहीतरी टिपलं होतं. ते मी जपून ठेवलंय, पण कधी कुणाला दाखवलं नाही, कारण दाखवण्यासारखं त्यात काही नाही. चित्र धुरकट, तू पाठमोरी, बोटाएवढी, खांद्यावर काठी, आणि वाऱ्याचा नुसता घोंघाट. मी ते लावलं. वारा आला. मग वाऱ्यातून तुझं डिर्र्र आलं, आणि मग ते लांब याऽऽऽ.

धाकटा स्टुलावरून उठून उभा राहिला. एवढा मोठा माणूस, मोठ्या कंपनीतला, सासरा व्हायला निघालेला. "आलो गं माय," म्हणाला. आपण काय बोललो ते त्याला नंतर कळलं. तसाच उभा राहिला, हात लोंबते. चित्राच्या शेवटी तू वळतेस, माझ्याकडे बघतेस आणि ओरडतेस, "बंद कर ती डबी, मेंढरं बुजायलीत!" तिथे आम्ही दोघंही हसलो आणि हसता हसता रडलो. बाहेर चहा पिऊन आलेली माणसं दारातच थांबली होती.

"हेच लावू," तो म्हणाला.

"पुन्याचे पाव्हने?"

"त्यास्नी काय कळायचं ते कळंल. न्हाई कळलं तर ऱ्हाऊंदे." त्याचं पुण्याचं मराठी कुठल्या कुठे गेलं होतं.

तेव्हा आता असं ठरलंय. ती जुनी निगेटिव्ह माझ्याकडे आहे, मास्तरनं दुकान बंद करताना मला दिली होती. तिच्यावरून मी फोटो नव्यानं तयार केलाय, पेन्सिलीचा एक फटकारा नाही, रंग तुझाच उन्हानं रापलेला. कार्यालयाच्या पडद्यावर तुझी हनुवटी परातीएवढी दिसेल आणि ठिपके भाकरीएवढे. खाली शुभेच्छा नाहीत, सुविचार नाही, काही नाही. अक्षता पडायच्या आधी तुझी हाक वाजेल, वाऱ्यासकट, आणि मेंढरं बुजायलीत हेही वाजेल. दुपारीच ते धाडून दिलं, तर कार्यालयाच्या माणसानं फोन करून विचारलं, आवाजातला घोंघाट काढून साफ करून देऊ का. मी म्हटलं, हात लावलास तर गाठ माझ्याशी आहे. घरच्यांनाही बजावून ठेवलंय की माझ्या मागं माझ्या गालावरचा मस पुसायचा नाही आणि माझ्या तोंडात मी न बोललेले शब्द घालायचे नाहीत. मी भांडकुदळ होते, तर भांडकुदळच दाखवा. पुढे कोण ऐकेल न ऐकेल माहीत नाही. पण मी आहे तोवर तुझ्या चेहऱ्यावर कुणाची पेन्सिल फिरणार नाही, एवढं धरून चाल.

एक गोष्ट राहिली. हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणून लिहिते, धाकट्याला हे कळता कामा नये. तो गेला, बाजार उठला, दुकान रिकामं झालं. त्यानं सकाळी उघडलेलं ते ॲप कॉम्प्युटरवर तसंच होतं. पुसून टाकावं म्हणून मी त्याच्यापुढे बसले. त्यात खाली एक चौकोन असतो, त्यात आपण लिहू ते ती बाई बोलते. मी पूर्णेहून संध्याकाळच्या बसनं दमून यायचे तेव्हा तू दारातच मला जे विचारायचीस, ते मी त्यात लिहिलं. पैठणीतल्या त्या गोऱ्या, बिनठिपक्यांच्या बाईनं पापण्या लववल्या, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "दमलीस का गं?" तुझ्यासारखं नव्हतंच ते. तो 'गं' तर अगदीच परका होता. तरी मी "हाव, दमले" म्हणाले, चांगलं मोठ्यानं, आणि मगच तिला पुसलं.